भाऊबीजेला भाच्याला ओवाळायचं, की त्यानं ओवाळायचं?

शुभा_राजारामपुरी | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीचं धाकटं लेकरू, वय २३, पुण्यात नोकरीला. आमच्या घरात मुलगी म्हणून वाढलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं आईबापाला सांगितलं, मी मुलगा आहे, आधीपासूनच होतो, आता लपवायचं नाही. बहीण वर्षभर आमच्याशीसुद्धा धड बोलली नाही. आता मार्चपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. परवा फोन आला, "मावशी, ओळखलंस का?" मी म्हटलं, "कोण बोलतंय?" आवाज फुटलाय. फोन ठेवल्यावर रडले. का रडले ते सांगता येणार नाही, दुःख होतं असंही नाही.

३ नोव्हेंबरला भाऊबीज. सगळे माझ्याकडं जमतात. दरवर्षी माझ्या मुलाला दोघी ओवाळायच्या, माझी मुलगी आणि ती. तो. बघा, इथंच अडखळते. यंदा पाटावर कोण बसणार आणि ताट कुणाच्या हातात? माझी ८१ वर्षांची आई माझ्याकडंच असते, तिला काय सांगू? हसू नका, खरंच पडलाय प्रश्न.

एक गोष्ट मनातून जात नाही. लहानपणी तो "मी आलो, मी झोपलो" असंच बोलायचा. आमच्या लक्षात कसं यावं? कोल्हापुरात आम्ही साऱ्याच बायका तसं बोलतो.

भडंग | रात्री ९:५२

जो पाटावर बसेल तो पाकीट देईल. बाकी सगळं गौण आहे.

गडहिंग्लजकर | रात्री १०:१५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. पोरं पुण्याला गेली की मोबाईलवर काय काय बघतात आणि डोक्यात भरून घेतात. आमच्या वेळी हे कुठं होतं? चांगल्या डॉक्टरला दाखवा, लग्नाचं बघा. वर्षभरात उतरेल.

मिरची_लवंगी | रात्री १०:२२

गडहिंग्लजकर, माझा दीर १२ वर्षं पुण्यात आहे. बाकी काही बदललं नाही, फक्त आपल्या तांबड्या रश्श्याला "थोडा स्पायसी आहे" म्हणतो. पुण्यात एवढी ताकद नाही हो.

नवा_सातबारा | रात्री ११:३८

शुभाताई, तुमचा शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला.

मी ३४ वर्षांचा. उद्यमनगरात जॉबवर्क करतो. जन्मदाखल्यावर मुलगी होतो. या साईटवर आठ वर्षं आहे, मिसळीच्या धाग्यांवर भांडलोय, पण हे आज पहिल्यांदा लिहितोय.

कोल्हापुरी बोलीनं मला अठरा वर्षं सांभाळलं. "मी आलो, मी बसलो" म्हटलं तरी गल्लीत कुणी वळून बघायचं नाही, शेजारची पोरगीपण तेच म्हणायची. डिप्लोमाला पुण्यात गेलो. मुलींच्या होस्टेलवर पहिल्याच दिवशी रूममेट हसली, "आलो काय? तू मुलगा आहेस का?" तिनं चेष्टा केली. मला रात्रभर झोप नाही. तोपर्यंत हा प्रश्न मलाच कुणी विचारला नव्हता. मग तिथल्यासारखं "आले, गेले" बोलायला शिकलो. दर वाक्याला वाटायचं, दुसऱ्याच्या नावानं सही करतोय. मराठीत साधं "चहा प्यायला गेलो" म्हणायचं तरी आपण कोण ते आधी सांगावं लागतं.

लोकांना वाटतं एक ऑपरेशन झालं की संपलं. तसं काही नसतं. इंजेक्शनं चालू केल्यावर माझा आवाज तिसऱ्या महिन्यापासून घोगरा झाला, पाळी पाचव्या महिन्यात थांबली, मुरुम असे आले की आठवीतली पोरं बरी. दाढी म्हणण्यासारखी व्हायला तीन वर्षं लागली. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, हिमोग्लोबिन फार वर जात नाही ना ते बघायला. छातीचं ऑपरेशन पैसे साठवून सहाव्या वर्षी केलं. त्याच्या आधी क्रेप बँडेज आवळून काम करायचो. मे महिना, वर पत्रा, बरगड्या ठणकायच्या. भाच्याला सांगा, बँडेज कधीच नको. त्यासाठी शिवलेला बाइंडर मिळतो, तोही आठ तासांच्या वर घालायचा नाही आणि झोपताना काढायचाच.

आजीला "ट्रान्सजेंडर" वगैरे शब्द सांगत बसू नका. माझ्या आज्जीला आईनं एवढंच सांगितलं, "ते पोरगं आहे, आपल्याला कळायला उशीर झाला." आज्जी म्हणाली, "तरीच परकर दिसला की पळायचं."

स्वल्पविराम | रात्री ११:५५

नवा_सातबारा, २०१९ च्या पांढऱ्या रश्श्याच्या धाग्यावर तुम्ही मला "नारळाचं पाणी पिणारा" म्हणाला होता. ते अजून माफ केलेलं नाही. बाकी, लिहिलंत ते फार बरं केलंत.

जास्वंद_इचल | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

माझं अगदी उलटं, म्हणून लिहिते.

मी इचलकरंजीची, ब्लाउज शिवते. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं. मी बाई आहे हे मला सातवीतच ठाऊक होतं, पण बोलायचं कसं? आसपासच्या साऱ्या बायकाच "आलो, गेलो" म्हणणार! मग मी टीव्हीवरच्या मालिका ऐकून "आले, केलं, निघाले" शिकले. घरात सगळं सांगून झालं, आईचं रडून झालं, आणि एक दिवस ती म्हणाली, "हे पुण्याचं बोलणं कुठनं उचललंस? बाई व्हायचंय न्हवं तुला? मग आमच्यावानी बोल की. मी कवा 'आले' म्हटलंय?"

आता घरात मी "आलो" म्हणते आणि दुकानात "आले". गिऱ्हाइकाला वाटतं पुण्याची टेलर आहे, शिलाईत घासाघीस करत नाही.

नवा_सातबारा, तुमचा आवाज औषधानं बदलला, आमचा बदलत नाही हो. इस्ट्रोजेननं, म्हणजे बायकी हार्मोननं, कातडी मऊ होते, अंगाची ठेवण हळूहळू बदलते, पण एकदा फुटलेला आवाज परत येत नाही आणि दाढीही जात नाही. दाढीला लेझरच्या बैठका. आवाजाला सराव. फोनवर बँकवाले अजून "सर" म्हणतात. कर्ज द्यायचं असलं की मात्र "मॅडम".

कोरी_पाटी | सकाळी ९:०५

अडाणी प्रश्न विचारतो. तृतीयपंथी, हिजडा, ट्रान्सजेंडर, गे, हे सगळं एकच ना? माझ्या डोक्यात एकच खाना आहे.

संपादक | सकाळी ९:३०

शिवी असलेला एक प्रतिसाद काढला आहे. प्रश्न अडाणी असला तरी चालेल, शब्द जपून वापरा.

स्टेथो_आणि_चहा | दुपारी २:२०

ओपीडी आटोपून लिहितोय, तुटक असेल.

कोरी_पाटी, आपण कोण आहोत हा एक प्रश्न आणि आपल्याला कोण आवडतं हा दुसरा. गे हा दुसऱ्या प्रश्नाचा शब्द आहे. ट्रान्सजेंडर म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि माणसाची स्वतःविषयीची जाणीव जुळत नाही तो. ट्रान्स पुरुषाला बायका आवडतील, पुरुष आवडतील, कुणीच आवडणार नाही. काहींची शरीररचनाच जन्मतः ठरावीक साच्यात बसत नाही, त्यांना इंटरसेक्स म्हणतात, ती आणखी वेगळी गोष्ट. आणि हिजडा ही गुरू-चेल्यांची स्वतःची रीतभात असलेली जुनी जमात आहे. प्रत्येक ट्रान्स स्त्री त्या घराण्यात जातेच असं नाही, जास्वंदताई ब्लाउज शिवतायत.

गडहिंग्लजकर म्हणतात "डॉक्टरला दाखवा". दाखवलंय की. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या अकराव्या रोगसूचीत हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढला. ती सूची २०१९ ला मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आणि "उतरवून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरविषयी: आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

मंगळवारपेठ_जुना | दुपारी ४:४५

"आमच्या वेळी कुठं होतं" हे वाचून राहवलं नाही. गडहिंग्लजकर, तुम्ही सौंदत्तीला कधी गेला नाही का? मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यल्लम्माच्या यात्रेला कोल्हापुरातून एसट्या भरभरून जातात, मी लहानपणापासून बघतोय. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबिलीचा नैवेद्य. आमच्या गल्लीत एक जोगता होता, यल्लम्माला सोडलेला. लुगडं, कपाळभर भंडारा, डोईवर जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची टोपली, मागनं चौंडक्याची वाजप. दारात आला की आजी सूप भरून जोंधळं घालायची आणि आम्हा पोरांना त्याच्या पायावर घालायची. "उदं गं आई" म्हटलं की अंगावर काटा यायचा.

पण यात्रेचे दिवस संपले की तोच माणूस नळावर घागर घेऊन आला की बायका आपल्या घागरी बाजूला ओढायच्या. हेही मी बघितलंय. त्याचं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. मला आजही ठाऊक नाही.

जास्वंद_इचल | सायं. ५:१५

काका, बरोबर. फक्त प्रत्येक जोगता माझ्यासारखाच असतो असं समजू नये. कुणाला नवसापायी सोडलेलं असतं, कुणाला घरात दुखणं आलं म्हणून. त्यातल्या कितीजणांना कुणी विचारलं होतं?

आणि लुगड्यातल्या माणसाच्या पाया पडणारा घरमालक मला खोली देताना "फॅमिलीलाच देतो" म्हणाला. आधीच्या वर्षी अकरा घरं बघितली होती मी.

टपाल_हंशील | सायं. ६:५०

सरकारी कचेरीत ३१ वर्षं काढून निवृत्त. कागदाचं मी सांगतो, बाकीचं तुमचं चालू द्या.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातला) निकाल आला. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा, शस्त्रक्रियेची अट घालू नये, असं त्यात आहे. मग २०१९ चा कायदा, तो १० जानेवारी २०२० पासून लागू. जोगत्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, या कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवानी यांच्या जोडीला "जोगता" हा शब्द छापलेला आहे. दिल्लीच्या कायद्यात आपल्या भागातला शब्द.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. केंद्राच्या पोर्टलवर घरबसल्या करता येतो. २०२० च्या नियमांप्रमाणे स्वतःचं शपथपत्र लागायचं, वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. त्या नियमात ३० दिवसांची मुदत होती. त्या प्रमाणपत्रावर "ट्रान्सजेंडर" असं यायचं. "पुरुष" किंवा "स्त्री" हवं असलं तर शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडून कलम ७ खाली दुसरा अर्ज करावा लागायचा. निकालात नसलेली अट कायद्यात आली, अशी तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते. नावासाठी वेगळं राजपत्र. मग आधार, पॅन, बँक. ओळीनं जा, उलटसुलट केलंत तर हेलपाटे.

नवा_सातबारा | रात्री ८:३०

हेलपाटे सरळ गेलं तरी होतात, साहेब. एका कार्यालयात खिडकीवरच्या माणसानं माझा कागद बघितला आणि आतून तिघांना बोलावून आणलं. त्यांना कागद बघायचा नव्हता, मला बघायचं होतं. दहावीच्या गुणपत्रिकेला माझे १४ महिने गेले. बापाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढलं त्याच्या आधी. टोपणनाव तिथनंच आलंय.

पन्हाळा_धुकं | रात्री ९:०२

एवढं सगळं शाहू महाराजांच्या नगरीत व्हावं याचं वाईट वाटतं.

भडंग | रात्री ९:०४

आले! शाहू महाराज आले! मी पाचव्या प्रतिसादाला येतील म्हणून पैज लावली होती, हरलो.

मिरची_लवंगी | रात्री ९:२०

पण महाराजांनी १९०२ ला नुसतं वाईट वाटून घेतलं नव्हतं, आरक्षणाचा हुकूम काढला होता. आणि पोरांना राहायला बोर्डिंगं उभी केली. खोली दिली हो, खोली! जास्वंद, दसरा चौकातली बोर्डिंगं बघितली की तुझी अकरा घरं आठवणार आता.

वाचनमात्र_७ | रात्री १०:४०

सगळंच काळं नाही. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला २०२१ च्या ग्रामपंचायतीला एका ट्रान्स स्त्रीचा महिला वॉर्डातला अर्ज छाननीत बाद केला होता. औरंगाबाद खंडपीठानं तो मान्य करायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. सोलापूरच्या तरंगफळला तर २०१७ लाच गावानं तृतीयपंथी सरपंच निवडला.

गडहिंग्लजकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

काल माझ्यावर बरेच शेकलात. ठीक आहे. आज खरं लिहितो.

माझी मुलगी १७ वर्षांची आहे. तिच्या वर्गमैत्रिणीनं घरी असंच काहीतरी सांगितलंय आणि त्या घरात चूल पेटायची बंद झालीय. मुलगी मला रोज विचारते, बाबा, तुमचं मत काय? मत काय देऊ? मला भीती वाटते. १७ व्या वर्षी मला पैलवान व्हायचं होतं, १९ व्या वर्षी फौजदार, झालो खताचा दुकानदार. उद्या पस्तावा झाला तर? आवाज परत येत नाही म्हणताय ना तुम्हीच?

स्टेथो_आणि_चहा | दुपारी ३:००

हा प्रश्न चांगला आहे, पहिल्या प्रतिसादात हाच विचारला असतात तर.

नवं नाव, कपडे, केस, यातलं सगळं मागे घेता येतं, आणि सुरुवात बहुधा तिथूनच होते. औषधांचं तसं नाही. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, थांबवलं तर पाळी परत येऊ शकते, अंगाची ठेवण थोडी बदलते, पण आवाज आणि दाढी राहते. इस्ट्रोजेननं वाढलेली छाती राहते. पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून बीजांड किंवा शुक्राणू गोठवून ठेवायचे का हे आधी विचारायचं असतं. सज्ञान झाल्यावर स्वतःच्या संमतीनं, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून, तपासण्या करून पुढं जायचं. पस्तावणारे थोडे असतात, पण असतात, मी नाही म्हणणार नाही. म्हणूनच समुपदेशकानं वेळ द्यायचा असतो. ढकलायचं नाही आणि ओढायचंही नाही.

पण त्या मुलाला आज, १७ व्या वर्षी, इंजेक्शन कुणीच देत नाहीये. त्याला घरात जेवायला वाढतायत का, एवढं बघा.

गडहिंग्लजकर | दुपारी ३:४१

"त्या मुलाला" वाचून थांबलो. मी "मैत्रीण" लिहिलं होतं. पटलं असं नाही अजून. पण ठीक आहे.

स्वल्पविराम | सायं. ५:१०

अवांतर: या महिन्यात मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि त्याच महिन्यात "आलो की आले" यावर आपला इतका खल. एक तोडगा सुचतो, "आम्ही आलो". बाई, पुरुष, सगळ्यांना एकच. थोडा सरदारी थाट येतो, पण कोल्हापुरात खपेल.

जास्वंद_इचल | सायं. ५:३०

मला एकवचनच पाहिजे. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं.

मंगळवारपेठ_जुना | सायं. ७:००

मूळ प्रश्न राहिला बाजूला. शुभाताई, पाट दोन मांडा. आणि भाच्यालाच विचारा की, तो फोनवर आहे ना?

शुभा_राजारामपुरी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

झाली भाऊबीज. लिहीन म्हटलं होतं मनाशी, लिहिते.

आईला आठवडाभर आधी सांगितलं, नवा_सातबारांनी सांगितल्यासारखं. ती बराच वेळ लसूण सोलत बसली. मग म्हणाली, "मग लग्न कुणाशी करणार?" मी म्हटलं मला काय ठाऊक. म्हणाली, "माझं झालं तेव्हा मलापण ठाऊक नव्हतं." विषय संपला. मात्र संध्याकाळी देवापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली, तेही सांगायला पाहिजे.

पाट दोन मांडले. मुलीनं दोघांना ओवाळलं. मला वाटलं सुटले. तर हा उठला आणि ताट मागायला लागला. "दादाला मी इतकी वर्षं ओवाळलंय, ते का म्हणून सोडू?" माझा मुलगा पाटावर तसाच बसलेला, मामा बघतोय, बहीण बघतेय, कुणाला काही सुचेना. मी एवढे दिवस इथं विचारत होते की ओवाळायचं का ओवाळून घ्यायचं, आणि याला दोन्ही पाहिजे होतं!

घेतलं ताट. वाकला तशी आई कोपऱ्यातून ओरडली, "अरे, निरांजन लांब धर, दाढी जळंल!"

हनुवटीला मोजून सात केस असतील. पोरगं असं लाजलं की हळदीकुंकवाचं बोट दादाच्या नाकाला लागलं.

मी दिवसभरात दोनदा जुन्या नावानं हाक मारली. तो काही बोलला नाही, मुलीनं डोळे वटारले. बहीण अजून नावच घेत नाही, "अहो, ते पाणी देता का" असं काहीतरी चालू आहे तिचं. निघताना मात्र डब्यात चकल्या भरताना म्हणाली, "त्याला जास्त घाल, त्याला आवडतात." आणि मग स्वतःच दचकली.

नवा_सातबारा | रात्री १०:३०

सात केस पहिल्या वर्षाला चांगलेच आहेत. माझे चार होते.

गडहिंग्लजकर | रात्री १०:५०

शुभाताई, तुमच्या बहिणीशी फोनवर बोलता येईल का? मला नाही, आमच्या मुलीच्या त्या मित्राच्या आईला. विपु केली आहे, म्हणजे तुमच्या पानावर निरोप ठेवलाय.

भडंग | रात्री १०:५५

पाकिटात किती होते ते सोयीस्कररीत्या टाळलेलं आहे.

शुभा_राजारामपुरी | रात्री ११:०२

भाच्यानं माझ्या मुलीला ५०१ दिले. आणि दादाकडून स्वतः ५०१ घेतले. हिशेब बघा तुम्हीच.